पेटीवरचे वॉट आणि पेटीतले वॉट



बारावीचे निकाल लागून प्रवेशाच्या फेऱ्या आटोपल्या, की पुण्यातील अनेक घरांत संगणकाची चर्चा सुरू होते. स्थापत्यशास्त्र, ॲनिमेशन किंवा कृत्रिम बुद्धिमत्ता शिकू लागलेल्या मुलामुलींना घरच्या संगणकात नवे ग्राफिक्स कार्ड बसवायचे असते. कार्ड कोणते घ्यावे यावर आठवडाभर खल होतो. मात्र त्या कार्डाला वीज पुरवणारा पॉवर सप्लाय, ज्याला बाजारात एसएमपीएस म्हणतात, त्याचा प्रश्न ‘आहे तोच चालेल’ एवढ्या एका वाक्यात निकाली निघतो. नव्या कार्डाचे आयुष्य आणि घराची सुरक्षितता ज्यावर अवलंबून आहे, त्या वस्तूविषयी म्हणून या अंकात थोडे विस्ताराने पाहू.

भिंतीतून येणारी २३० व्होल्टची प्रत्यावर्ती वीज संगणकाचे भाग थेट घेऊ शकत नाहीत. तिचे १२, ५ आणि ३.३ व्होल्टच्या स्थिर एकदिश विजेत रूपांतर करणे हे एसएमपीएसचे काम. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड हे दोन मोठे ग्राहक जवळजवळ सर्व वीज १२ व्होल्टच्या वाटेनेच घेतात. म्हणून एसएमपीएसची खरी ताकद पेटीवरील ठळक आकड्यात न शोधता, तिच्या अंगावरील तक्त्यात १२ व्होल्टपुढे किती अँपिअर लिहिले आहेत त्यात शोधावी. हिशेब सोपा आहे. १२ ला त्या अँपिअरने गुणले की वॉट मिळतात. पेटीवर ‘५०० वॉट’ छापलेले आणि तक्त्यात १२ व्होल्टला केवळ १८ अँपिअर असतील, तर कार्ड व प्रोसेसर यांच्या वाट्याला २१६ वॉटच येतात. चांगल्या ५५० वॉटच्या एसएमपीएसमध्ये हाच आकडा ४५ अँपिअरच्या आसपास असतो. मालाचे वेष्टन पाहून नव्हे, वजन करून पैसे मोजायचे, हे व्यापारी घरांतील वाचकांना वेगळे सांगायला नको.

आता गरज किती, ते मांडू. एनव्हिडियाचे आरटीएक्स ४०६० हे कार्ड ११५ वॉटचे आहे. मध्यम प्रतीच्या प्रोसेसरला कामाच्या भरात १०० वॉट धरा. मदरबोर्ड, मेमरी, डिस्क, पंखे यांना ५० धरा. बेरीज २६५ होते. या कार्डासाठी कंपनी स्वतः ५५० वॉटचा पुरवठा सुचवते. दुप्पट कशासाठी, असा प्रश्न पडेल. त्याचे कारण असे की कार्डाची भूक सरळ रेषेत चालत नाही. क्षणाच्या अगदी लहान अंशात ती नेहमीच्या मापाच्या कितीतरी वर उसळी घेते, आणि दुबळा एसएमपीएस त्या क्षणी बंद पडतो. चालू कामात संगणक अचानक बंद होऊन पुन्हा सुरू होत असेल, तर कार्डाला दोष देण्याआधी इकडे पाहावे. २०२२ साली आलेल्या एटीएक्स ३.० या मानकात अशा उसळ्या सोसण्याची अटच घातली आहे. शिवाय बहुतेक एसएमपीएस निम्म्या भारावर सर्वांत काटकसरीने चालतात.

मात्र याच कार्डासाठी १००० वॉटचा एसएमपीएस घेणे हा निव्वळ परिग्रह होय. गरजेपेक्षा फार मोठे माप घेऊन संगणक वेगवान होत नाही.

पेटीवर ‘८० प्लस’ची खूण असते. २००४ मध्ये सुरू झालेली ही प्रमाणपत्र योजना कार्यक्षमता सांगते. निम्म्या भारावर ब्राँझ सुमारे ८५ टक्के आणि गोल्ड सुमारे ९० टक्के वीज कामी लावतो, उरलेली उष्णता होऊन जाते. वरच्या उदाहरणात ७५ टक्क्यांचा साधा एसएमपीएस भिंतीतून सुमारे ३५३ वॉट ओढेल, तर ९० टक्क्यांचा २९४. रोज चार तास पूर्ण भाराचे काम धरले, तर वर्षाला जवळपास ८५ युनिटांचा फरक पडतो. विनाकारण होणाऱ्या हानीला आपल्या शास्त्रांनी अनर्थदंड म्हटले आहे. ही ८५ युनिटे त्याच सदरात मोडतात.

पण ही खूण सुरक्षिततेची हमी नव्हे. २०२१ साली गिगाबाइट कंपनीला आपल्या ७५० आणि ८५० वॉटच्या दोन एसएमपीएसबाबत निवेदन काढून ठरावीक क्रमांकांचे नग बदलून द्यावे लागले. त्यांवर गोल्डची खूण होती आणि कंपनीही नामांकित होती. म्हणून नाव आणि खूण यांच्या पुढे जाऊन तीन गोष्टी तपासाव्यात. अतिभार, अतिव्होल्टता, लघुपरिपथ आणि अतिउष्णता यांपासूनची संरक्षणे लिहिली आहेत का? हमी किमान पाच वर्षांची आहे का? भारतीय मानक ब्युरोची खूण व नोंदणी क्रमांक आहे का? बुधवार पेठेतील तपकीर गल्लीत घ्या किंवा घरबसल्या मागवा, पक्के बिल मात्र सोडू नका. हमी त्या कागदावरच चालते.

जोडणीतही विवेक हवा. मदरबोर्डची खाच कार्डाला ७५ वॉट देते, सहा पिनांची वायर आणखी ७५ आणि आठ पिनांची १५०. कार्डाला आठ पिनांच्या दोन जागा असतील, तर एसएमपीएसपासून निघालेल्या दोन स्वतंत्र वायरी लावाव्यात. सुट्या होणाऱ्या वायरी एका एसएमपीएसच्या दुसऱ्याला कधीही लावू नयेत. टोक बसले तरी आतील पिनांची रचना वेगळी असू शकते आणि डिस्क वा कार्ड क्षणात जळू शकते. नव्या मोठ्या कार्डांची बारीक पिनांची जोडणी तर शेवटपर्यंत दाबून बसवावी. २०२२ मध्ये आलेल्या ४५० वॉटच्या आरटीएक्स ४०९० मध्ये अर्धवट बसलेल्या जोडण्या वितळल्याची उदाहरणे घडली.

घरातील यूपीएसचा विचार बहुधा राहून जातो. पुणेकरांना गुरुवारची देखभालीची वीजकपात ठाऊक आहे, आणि वळवाच्या पावसात वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो. घरोघरी आढळणारा ६०० व्हीएचा यूपीएस प्रत्यक्षात साधारण ३६० वॉटच देतो. वरचा संगणक आणि पडदा मिळून तो काठोकाठ भरतो. एक उसळी आली की यूपीएस हात टेकतो आणि ज्या कामासाठी तो ठेवला तेच काम जाते. काही नवे एसएमपीएस स्वस्त यूपीएसच्या पायऱ्यांसारख्या लहरीवर बंद पडतात. त्यांना शुद्ध साइन लहरीचा, १००० व्हीए किंवा अधिक क्षमतेचा यूपीएस लागतो. जुन्या वाड्यांतील वा इमारतींतील वाचकांनी अर्थिंगही इलेक्ट्रिशियनकडून एकदा तपासून घ्यावे.

काढलेला जुना एसएमपीएस उघडू नये. प्लग काढल्यावरही त्यातील कपॅसिटरमध्ये धोकादायक विद्युतभार काही काळ उरतो. भंगारात टाकला तर वायरी जाळून तांबे काढले जाते आणि त्या धुराचा त्रास कोणाला तरी होतोच. तो ई-कचरा स्वीकारणाऱ्या अधिकृत संकलकाकडेच द्यावा.

या सगळ्याचा खर्च किती? चांगला ५५० वॉटचा एसएमपीएस कार्डाच्या किमतीचा एक लहान हिस्सा असतो. म्हणून रक्कम अपुरी पडत असेल, तर कार्ड एक पायरी खालचे घ्यावे, पण एसएमपीएसमध्ये तडजोड करू नये. खालच्या कार्डावर मुलाचे काम थोडे सावकाश होईल. निकृष्ट एसएमपीएस मात्र ते काम, कार्ड आणि कदाचित ती खोलीही धोक्यात घालील. खरेदीला निघण्यापूर्वी मुलांसोबत बसून वरची बेरीज एकदा कागदावर मांडा. पुढे त्यांना अनेक खरेद्या स्वतः करायच्या आहेत.