ताणा आहे, बाणा नाही

इचलकरंजीचं कौतुक करताना बाहेरचे लोक म्हणतात, "तुमच्याकडे सगळं गावातच मिळतं." खरंय. सूतवाला, सायझिंग, माग, फोल्डिंग, ट्रान्सपोर्ट, सगळं हाकेच्या अंतरावर. 1904 साली इथं पहिला यंत्रमाग आला. मग एकाचं बघून दुसऱ्यानं टाकला. जॉबरनं जुने दोन माग घेतले आणि तो मालक झाला. 1982 च्या संपानंतर मुंबईच्या गिरण्यांचं विणकाम भिवंडी, मालेगाव आणि आपल्याकडं सरकलं. हे जाळं कुठल्या योजनेतून नाही, ओळखीतून आणि उधारीतून तयार झालंय.

पण मंडळी, या जाळ्याची वीण एकदा नीट बघा.

मी खर्चीवाला आहे. सूत पार्टीचं, बिम पार्टीची, माग आणि लाईट बिल माझं. मजुरी पिकावर. माझी गाठ वर पार्टीशी. पार्टीची गाठ पुढं पाली-बालोत्र्याच्या प्रोसेसवाल्याशी किंवा मुंबईच्या व्यापाऱ्याशी. सगळे धागे उभे. शेजारच्या शेडमध्ये तीच क्वालिटी चालते, पण त्याला मजुरी काय मिळते हे मला माहीत नसतं. विचारलं तरी तो खरं सांगत नाही, आणि मीही सांगत नाही. म्हणजे ताणा आहे, बाणा नाही. नुसत्या ताण्याचं कापड होतं का?

त्याचा परिणाम पेमेंटमध्ये दिसतो. कामगाराचा पगार आठवड्याला द्यावा लागतो, वीज कंपनी महिन्याला बिल घेते, आणि आपली मजुरी येते तीन-तीन महिन्यांनी.

कायदा नाही असं नाही. 2006 च्या एमएसएमई कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त 45 दिवसांत, करार नसेल तर 15 दिवसांत द्यायचे असतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं चक्रवाढ व्याज लागतं. 2023-24 पासून आयकरातही तरतूद आली. मुदतीत पैसे दिले नाहीत, तर तो खर्च त्या वर्षी वजा मिळत नाही, प्रत्यक्ष पैसे दिले त्या वर्षीच मिळतो. जॉबवर्क ही सेवा आहे, त्यामुळं उद्यम नोंदणी असलेला खर्चीवालाही यात बसतो.

तरी तक्रार कोण करतं? कुणीच नाही. तक्रार केली की पुढची बिम येत नाही. 2024 च्या सुरुवातीला तर बाजारात उलटंच ऐकू आलं, "नोंदणी नसलेल्यालाच काम देऊ." आणि आपल्यातलेच काही नोंदणी काढून टाकायची भाषा करू लागले.

पार्टीला सरसकट शिव्या घालण्यात अर्थ नाही. तिचेही पैसे पुढं अडकलेले असतात. पण तिची अडचण शेवटी माझ्या मागावर येऊन थांबते, कारण साखळीत सगळ्यात खाली आणि सगळ्यात एकटा मीच असतो.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. एका क्वालिटीचे वीस-पंचवीस खर्चीवाले एकत्र या. मजुरीचे दर एकमेकांना खरे सांगा. सगळ्यांनी उद्यम नोंदणी करा, ती ऑनलाइन आणि फुकट आहे. बिलावर तो नंबर आणि पेमेंटची मुदत छापा. तक्रार करायची वेळ आली तर पंचवीस जणांनी एकाच वेळी करा. एकाची बिम बंद करता येते, पंचवीस जणांची बंद केली तर पार्टीचा माल कोण विणणार?

आपल्याच वाडवडिलांनी या गावात सहकारी सूतगिरण्या उभ्या केल्या. त्या पुढं कशा चालल्या, तो वेगळा विषय. पण एकत्र येणं या गावाला नवीन नाही.

ज्यांचे माग आहेत त्यांनी कमेंटमध्ये एवढंच लिहा: तुमची मजुरी किती दिवसांनी येते? पार्टीचं नाव नको, फक्त दिवस. सुरुवात तिथूनच होऊ दे.