सारखी होडी, सारखे शीड

शालेय क्रीडास्पर्धा आटोपून मुले परत आली की त्यांच्या बोलण्यात विजयाचा आनंद असतो, पराजयाची खंत असते, आणि पुष्कळदा एक तक्रारही असते. "सर, त्यांच्या पायांतले बूट पाहिलेत? तसले आम्हांला असते तर!" ही तक्रार आम्ही कित्येक वर्षे हसून सोडून देत असू. नाचता येईना अंगण वाकडे, ही म्हण आमच्या जिभेवर तयारच असे. परंतु पुढे शांतपणे विचार करता आमच्या ध्यानी आले की, क्वचित अंगण खरोखरच वाकडे असते. आणि ज्याचे स्वतःचे अंगण सरळ आहे त्याने ही म्हण दुसऱ्यास ऐकविणे न्यायाचे नव्हे. खेळाच्या साधनांत सुधारणा व्हावी की नाही, व्हावी तर ती कोणी आणि कोणत्या रीतीने करावी, हा प्रश्न म्हणूनच आम्हांस पालकांपुढे व विद्यार्थ्यांपुढे मांडावासा वाटतो.

या प्रश्नाचा अतिशय कसोशीने विचार ज्या खेळात झाला आहे, तो आपल्या मलकापुरास जवळजवळ अपरिचित आहे. तो खेळ म्हणजे लहान शिडाच्या होड्यांच्या शर्यती. नळगंगेच्या काठी राहणाऱ्या आपणांस शिडाची होडी पाहावयास मिळत नाही. परंतु आपल्या स्टेशनातून जाणारी आगगाडी ज्या मुंबईस पोहोचते, तेथील बंदरात हा खेळ दीर्घकाळ चालत आला आहे. 1982 सालच्या आशियाई खेळांतील शिडाच्या शर्यती मुंबईसच झाल्या, आणि फारूख तारापोर व झरीर करंजिया या जोडीने 'फायरबॉल' जातीच्या होडीत तेथे सुवर्णपदक मिळविले.

'जातीच्या होडीत' असे आम्ही मुद्दाम म्हटले. पूर्वी ज्याच्याजवळ द्रव्य अधिक त्याची होडी अधिक वेगवान, असा प्रकार असे. अशा शर्यतीत नाविकाचे कौशल्य जिंकले की त्याची थैली जिंकली, हे ठरविणे कठीण. यावर उपाय म्हणून 1887 साली आयर्लंडात डब्लिन शहराजवळ काही हौशी मंडळींनी असे ठरविले की, आपल्या सर्वांच्या होड्या एकाच नकाशाबरहुकूम बांधाव्या. 'वॉटर वॅग' या नावाने त्या होड्या प्रसिद्ध आहेत. होडी सारखी, शीड सारखे. मग जो पुढे जाईल तो आपल्या बुद्धीने व हातांनी पुढे जाईल. किती साधी आणि किती न्याय्य कल्पना! बायबलातील नीतिसूत्रांच्या ग्रंथात दोन प्रकारची वजने बाळगणे ईश्वरास तिरस्करणीय आहे असे सांगितले आहे. कापसाच्या व्यापारावर वाढलेल्या आपल्या गावात खोट्या काट्याचा अर्थ कोणास समजावून सांगावा लागणार नाही. एका साच्याची होडी हा त्या खेळातील खरा काटा होय.

परंतु साचा एकदा ठरला म्हणजे तो कायमचाच धरून बसावे काय? येथूनच खरा वाद सुरू होतो. ज्या डब्लिनकरांनी ही कल्पना प्रथम काढली, त्यांनीच 1900 साली आपल्या होडीचा जुना नकाशा बाजूस ठेवून नवा स्वीकारला. शिडाचे कापडही एके काळी कापसाचेच असे. 1950 नंतरच्या दशकात कृत्रिम धाग्याच्या कापडाने त्याची जागा घेतली. कापूस पिकविणाऱ्या प्रांतातील माणसास हे ऐकून थोडे वाईट वाटेल, पण भिजल्याने न कुजणारे व कमी ताणणारे कापड नाविकांनी पसंत केले, यात त्यांचा दोष नाही.

अलीकडचे उदाहरण 'लेझर' या होडीचे आहे. कॅनडाचे ब्रूस कर्बी यांनी तिचा नकाशा काढला व 1971 साली ती बाजारात आली. एकट्याने चालवावयाची, सुमारे सव्वाचार मीटर लांबीची ही होडी 1996 पासून ऑलिंपिक शर्यतींत आहे. तिच्या नियमांचा गाभा असा की, ज्या बदलास नियमांत स्पष्ट परवानगी नाही तो बदल निषिद्ध समजावा. वरवर पाहता यापेक्षा अधिक समता ती कोणती? पण अनुभव निराळाच आला. तिचे जुने शीड लवकर सैल पडून आकार गमावीत असे. मग ज्याची ऐपत असे तो मोठ्या शर्यतीस कोरे शीड घेऊन येई, आणि ज्याची नसे तो तेच जुने शीड वर्षानुवर्षे ओढी. डोलकाठीचा वरचा भाग ॲल्युमिनियमचा असल्यामुळे तो जोराच्या वाऱ्यात वाके. तोही ज्यास परवडे तो बदली. नियम अक्षरशः पाळला जात होता, पण त्याचा आत्मा निघून गेला होता. समतेसाठी केलेला नियमच विषमतेस आसरा देत होता.

अखेर जाड कापडाचे, निराळ्या रीतीने शिवलेले नवे शीड 2016 च्या सुमारास मान्य झाले, आणि त्यानंतर लवकरच कार्बन तंतूंच्या वरच्या डोलकाठीसही परवानगी मिळाली. यावर वाद झाला नसता तरच नवल. बदलाच्या विरुद्ध असलेल्यांचे म्हणणे आम्हांस मुळीच हास्यास्पद वाटत नाही. ते म्हणतात, आज शीड बदलले, उद्या डोलकाठी, परवा होडी. मग साचा राहिला कोठे? ज्याने काटकसर करून कालच जुने शीड घेतले त्याचे काय? हे प्रश्न खरे आहेत. परंतु त्या वर्गाने त्यांची उत्तरे ज्या रीतीने शोधली ती शिकण्यासारखी आहे. पहिली गोष्ट, जुने शीड व जुनी डोलकाठी बाद केली नाही; दोन्हींस शर्यतीत मुभा ठेवली. दुसरी गोष्ट, त्यांच्या नियमांत फेरफार करावयाचा तर मते देणाऱ्या सभासदांपैकी दोनतृतीयांशांची संमती लागते, आणि वर जागतिक संस्थेची मान्यताही लागते. चार शहाण्यांनी बंद खोलीत बसून ठरविले, असे तेथे चालत नाही.

याच्या उलट उदाहरण पोहण्याच्या खेळात घडले. पाण्यात अंग सहज सरकावे अशा विशेष पोशाखांस तेथे मोकळीक मिळाली, आणि 2009 साली रोम येथील एका जागतिक स्पर्धेत 43 विश्वविक्रम मोडले गेले. मनुष्य एकाएकी मासा झाला होता काय? नव्हे, पोशाख पोहत होता. 2010 पासून ते पोशाख बंद करावे लागले. शीड बदलले तेव्हा साधन टिकाऊ झाले व खेळाडू खेळाडूच राहिला. पोशाख बदलला तेव्हा साधनच खेळाडू होऊन बसले. सुधारणा आणि नुसती नवलाई यांतील भेद हाच.

लहान मुलांच्या 'ऑप्टिमिस्ट' होडीची गोष्टही येथे सांगण्याजोगी आहे. 1947 साली अमेरिकेतील फ्लोरिडा प्रांतात क्लार्क मिल्स यांनी ती स्वस्त प्लायवुडची बनविली, ती गरिबांच्या मुलांसही परवडावी म्हणून. पुढे ती जगभर पसरली, निरनिराळे कारागीर ती बांधू लागले आणि मापांतील थोड्याशा सवलतीचा फायदा घेऊन अधिक वेगवान व अधिक महाग होड्या निघू लागल्या. तेव्हा 1995 पासून सर्वांस एकच काटेकोर साचा ठरविण्यात आला. म्हणजे कधी बदल करून समता राखावी लागते, तर कधी बदलास आळा घालून. औषध निराळे, पण रोग एकच.

हे सर्व मलकापुरास कशासाठी, असे कोणी विचारील. त्यास आम्ही नेहा ठाकूर या मुलीचे उदाहरण देऊ. मध्य प्रदेशातील देवास जिल्ह्याच्या एका शेतकऱ्याची ही कन्या. तिच्या गावापासून समुद्र आपल्याइतकाच दूर. भोपाळच्या तलावावर ती होडी शिकली, आणि 2023 साली चीनमधील हांगझोऊ येथे झालेल्या आशियाई खेळांत तिने रौप्यपदक मिळविले. तिची होडी तीच, 'लेझर'. 2019 पासून तिला 'आयएलसीए' म्हणतात. मोठ्या माणसांस मोठे शीड, हलक्या अंगाच्या मुलामुलींस लहान, पण होडी एकच. भोपाळच्या तलावावरची होडी आणि परक्या देशाच्या सागरावरची होडी जर एक नसती, तर शेतकऱ्याच्या मुलीचे कष्ट किनाऱ्यावरच अडकले असते.

आपल्या कबड्डीचेच पाहा. राष्ट्रीय सामने आता मॅटवर होतात, आणि खेड्यातील मूल अजून मातीत सराव करते. मॅटमुळे अंग खरचटणे कमी होते, पावसाने खेळ अडत नाही. हा लाभ आम्ही नाकारीत नाही. पण मातीवर तयार झालेला पाय मॅटवर प्रथम अडखळतो, आणि तेथे बूटही लागतात. आमचे मागणे मॅट काढावी असे नाही. जेथे निवड व्हावयाची तेथील जमीन मुलास आधी सरावास मिळावी, एवढेच आहे.

तेव्हा कोणतेही नवे साधन पुढे आले असता तीन प्रश्न विचारावे, असे आमचे मत आहे. याने चार वर्षांचा एकंदर खर्च कमी होतो की वाढतो? ते सर्वांस एकाच वेळी मिळणार आहे काय? आणि ज्यांना ते वापरावयाचे आहे त्यांची संमती घेतली आहे काय? या तिहींचे उत्तर समाधानकारक असेल तर जुन्याच्या प्रेमाने नव्यास अडवू नये. नसेल तर नव्याच्या झगमगाटाने भुलू नये.

पालकांस आमची विनंती आहे की, आपल्या एकट्या मुलासाठी उंची साधन घेण्यापूर्वी शाळेच्या सामायिक साधनांत थोडी भर घालावी. विधवेच्या दोन दमड्यांची गोष्ट आपण जाणतोच. देणगीचे मोल तिच्या आकारावर नसते. आणि विद्यार्थ्यांनो, पराजय झाल्यावर प्रथम स्वतःच्या सरावाचा हिशेब प्रामाणिकपणे पाहा. तो चोख असूनही अंगण वाकडे दिसले, तर नम्रपणे पण स्पष्टपणे तसे सांगा. आम्ही आता हसणार नाही. आणि पुढे तुमच्या पायांत चांगले बूट आले व समोरचा अनवाणी असला, तर त्या दिवशीही हाच प्रश्न विचारण्याचे विसरू नका.