दर वेळी खर्डेकर कुठून आणायचे?

प्रति,
मा. कुलगुरू,
मुंबई विद्यापीठ, मुंबई

विषय : महाविद्यालयीन खेळाडूंना सरावाच्या तासांचं मानधन देण्याबाबत

महोदय,



मी कळंबोलीला राहतो. लोखंड बाजारात एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात बिल्ट्या आणि हिशेब बघतो, आणि पहाटे व संध्याकाळी इथल्या मुलामुलींना कबड्डी शिकवतो. बरीच वर्षं हेच चाललंय. हे पत्र माझ्याकडच्या एका मुलामुळे लिहितोय. तो तुमच्याच विद्यापीठाचा विद्यार्थी आहे, एसवायबीकॉमला.

तो डावा कोपरा खेळतो. रात्री नऊ ते पहाटे पाच तो बाजारातल्या एका वजनकाट्यावर कामाला असतो. रिकामी गाडी आधी काट्यावर चढते, माल भरून आली की पुन्हा चढते, दोन वजनांतला फरक तो पावतीवर घेतो, शिक्का मारतो, ड्रायव्हरच्या हातात देतो. पाचला सुटला की सायकल मारत थेट मैदानात. पॅन्टच्या आत चड्डी आधीच घातलेली असते. शिक्क्याची शाई अंगठ्यावरून धुऊन जात नाही. सरावात तो घोट्याची पकड करतो तेव्हा घामाने ओल्या झालेल्या त्या शाईचा निळसर ठसा चढाई करणाऱ्याच्या पायावर उमटतो. पोरं तो ठसा एकमेकांना दाखवतात, कारण त्या पकडीतून सुटणारे फार थोडे आहेत. सात वाजता तो घरी जातो, चहा-चपाती खातो आणि कॉलेजला पळतो. झोप मिळते ती दुपारी दोन-तीन तास.

गेल्या मोसमात त्याच्या कॉलेजचा संघ चषक घेऊन आला. प्रवेशाच्या दिवसांत कॉलेजबाहेर फलक लागला, त्यावर पहिल्या रांगेत हाच बसलेला. त्याच आठवड्यात तो फीचा हप्ता चुकला म्हणून विलंब शुल्क भरायला त्याच इमारतीत रांगेत उभा होता. कॉलेजचं नाव मी लिहिणार नाही. तिथले क्रीडाशिक्षक भले आहेत, स्वतःच्या खिशातून पोरांना केळी-अंडी खाऊ घालतात. दोष त्यांचा नाही. त्या मुलाला काही द्यायचं म्हटलं तर कुठल्या खात्यातून द्यायचं, हेच कुठे लिहिलेलं नाही.

तुम्हाला खाशाबा जाधवांची गोष्ट मी सांगावी असं नाही. १५ जानेवारी हा त्यांचा जन्मदिवस आता आपण राज्य क्रीडा दिन म्हणून पाळतो. पण त्या गोष्टीतला एक माणूस हार-तुऱ्यांच्या गर्दीत मागे राहतो. १९५२ साली हेलसिंकी ऑलिम्पिकला जायला पैसे कमी पडले, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं राहतं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. त्या पैशाच्या आधारावर गोळेश्वरचा मल्ल फिनलंडला पोचला आणि स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक घेऊन आला. परतल्यावर खाशाबांनी कुस्त्यांची मैदानं भरवली आणि गुरुजींचं घर सोडवलं. मी दर वर्षी पोरांना हे सांगतो, आणि दर वर्षी सांगताना गळा भरून येतो. पण अलीकडे त्यात एक गोष्ट बोचते. विद्यार्थ्याला उभं करायची जबाबदारी कॉलेजने घेतली नव्हती, एका माणसाने घेतली होती. पदक आणलेल्या खेळाडूला आल्याबरोबर कर्ज फेडायला पुन्हा आखाड्यात उतरावं लागलं. सत्तर वर्षं उलटली आणि आजही माझ्याकडच्या त्या मुलाला केळी-अंडी मिळतात ती एका शिक्षकाच्या खिशातूनच.

कॉलेजच्या खेळाडूला पैसे द्यायचे की नाही, हा वाद अमेरिकेत मोठ्या आकड्यांनी मिटला. तिथे कॉलेजचे फुटबॉल-बास्केटबॉलचे सामने टीव्हीवर लागतात, त्यातून कोट्यवधी डॉलर येतात, आणि खेळाडूला शिक्षणाच्या खर्चापलीकडे काही द्यायचं नाही असा दंडक होता. २०२१ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने त्या दंडकाला तडा पाडला. त्याच वर्षी खेळाडूंना स्वतःच्या नावावर, छायाचित्रावर जाहिरातीचे पैसे घेण्याची मुभा मिळाली. मग जून २०२५ मध्ये मंजूर झालेल्या तडजोडीनुसार कॉलेजं खेळाडूंना थेट पैसे देऊ लागली. पहिल्या वर्षाची मर्यादा एका संस्थेमागे सुमारे दोन कोटी पाच लाख डॉलर. ही बातमी वाचून आमच्या मैदानावरच्या एका पोराने विचारलं, ‘सर, आपल्याकडे कधी?’

मी त्याला खरं ते सांगितलं. आपल्याकडे आंतरमहाविद्यालयीन सामन्याला तिकीट नसतं, टीव्ही नसतो, बघायला खेळाडूंचे मित्र आणि राखीव खेळाडूंच्या बॅगा सांभाळणारी भावंडं असतात. कमाईचा वाटा मागायला कमाईच नाही. म्हणून अमेरिकेचा रस्ता आपला नव्हे. पण कमाई नाही म्हणजे कॉलेजला खेळाडूपासून काहीच मिळत नाही, असंही नाही. नॅकच्या पाचव्या निकषात विद्यार्थ्यांनी विद्यापीठ, राज्य, राष्ट्रीय पातळीवर मिळवलेली पदकं मोजली जातात. त्या मुलाच्या पकडीचे गुण कॉलेजच्या मूल्यांकनात धरले जातात. माहितीपुस्तिकेत त्याचा फोटो असतो. काही कॉलेजं चांगल्या खेळाडूला फी माफ करतो, राहायची सोय करतो, असं तोंडी सांगून नेतात, हे खेळातल्या प्रत्येकाला माहीत आहे. म्हणजे मोबदला आजही दिला जातो. तो ओळखीवर ठरतो, कागदावर नसतो, आणि दुसऱ्या वर्षी गुडघा गेला की त्याच तोंडी शब्दाची कुणाला आठवण राहत नाही. मुलींच्या वाट्याला तर तो शब्दही क्वचित येतो.

आता माझी मागणी. ‘कमवा आणि शिका’ हे शब्द महाराष्ट्राला कर्मवीर भाऊराव पाटलांनी दिले. त्यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली, आणि वसतिगृहातल्या पोरांच्या पोटासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, मंगळसूत्रसुद्धा. त्याच संस्थेचं महात्मा फुले महाविद्यालय आमच्याजवळ पनवेलला आहे. आज अनेक महाविद्यालयांत कमवा आणि शिका योजना चालते. विद्यार्थी ग्रंथालयात पुस्तकं लावतो, कार्यालयात नोंदी करतो, बागेत राबतो आणि तासांप्रमाणे पैसे घेतो. त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही, आणि त्याला विद्यार्थी न म्हणता नोकर म्हणावं असंही कुणाच्या मनात येत नाही. मग कॉलेजच्या संघासाठी रोज दोन तास मातीत किंवा मॅटवर काढणारा मुलगा या योजनेबाहेर का? त्याचे सरावाचे तास क्रीडाशिक्षकांच्या सहीने हजेरीपुस्तकात लिहावेत आणि ग्रंथालयातल्या मुलाला जो दर मिळतो तोच त्याला महिन्याच्या महिन्याला बँकेत मिळावा.

हे पैसे पदकाला बांधू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. पदकानंतर द्यायला सगळेच पुढे येतात. गावोगावच्या स्पर्धांत उत्कृष्ट चढाईपटूला मोटारसायकल मिळते, पण ज्या कोपऱ्याने दुसऱ्याला झेप घेता यावी म्हणून स्वतः मार खाल्ला त्याच्या हाती टाळ्या. केंद्राच्या खेलो इंडियात निवड झालेल्याला महिन्याला दहा हजार रुपये हातखर्चाला मिळतात. ती फार मोठी गोष्ट आहे, पण तिथवर देशभरातून काही हजारच पोचतात. आणि प्रो कबड्डीचा आकडा तर आमच्या प्रत्येक पोराला पाठ आहे. २०२३ च्या लिलावात पवन सेहरावतला दोन कोटी साठ लाखांवर बोली लागली. माझ्याकडचा तो मुलगा काट्यावर रात्री जागतो तो त्याच आकड्याकडे बघून. वजनकाटा आणि लिलाव या दोन टोकांच्या मध्ये, अठरा ते एकवीस या वयात, त्याला धरून ठेवणारं काहीही नाही. माझ्या हाताखालून गेलेल्या चांगल्या खेळाडूंपैकी बहुतेक याच तीन वर्षांत सुटले. कुणी गोदामात लागला, कुणी डिलिव्हरीच्या गाडीवर. दोघी मुलींची लग्नं झाली. खेळ संपला म्हणून कुणीच गेलं नाही.

पैसा कुठून, असं आपण विचाराल. प्रत्येक विद्यार्थ्याच्या फीच्या पावतीवर जिमखान्याची एक ओळ असते. त्या ओळीखाली जमलेले पैसे कशावर खर्च झाले, याचा ताळेबंद प्रत्येक कॉलेजने फलकावर लावावा, इतकं जरी आपण परिपत्रक काढून बंधनकारक केलं तरी पहिला हप्ता कुठून निघेल ते दिसेल. उरलेला भार विद्यापीठाने उचलावा. सगळ्या संघांना एकदम नको. विद्यापीठाच्या संभाव्य संघात निवडलेल्या मुलामुलींपासून सुरुवात करा. आणि सरावात किंवा सामन्यात कुणी जायबंदी झाला तर उपचाराचे पैसे आणि त्या काळातलं मानधन थांबू नये. लिगामेंट गेलेल्या पोराच्या घरी त्याच्या आईशी बोलायला मी गेलेलो आहे. तिने मला एकच विचारलं, ‘कॉलेजवाले काही देतील का?’ मी खाली बघत बसलो.

एक आक्षेप मला मनापासून पटतो, म्हणून लिहितो. तासांचे पैसे मिळू लागले की काही जण सह्या करून पळतील, आणि काही कॉलेजं खोटी हजेरी दाखवतील. हे होईल. त्याला उपाय मैदानावरच आहे. महिन्यातून एकदा विद्यापीठाचा निरीक्षक न सांगता सरावाला येऊ दे. दोन तास खरोखर राबलेला खेळाडू आणि सही करून निघालेला खेळाडू यांतला फरक त्याला पाच मिनिटांत कळेल. नुसती कोपऱ्यांची हाताची साखळी बघितली तरी कळेल.

आपल्या विद्यापीठाच्या कक्षेत मुंबईपासून सिंधुदुर्गापर्यंत सात जिल्हे येतात. आमच्या रायगडात तर कबड्डी घराघरात आहे, अलिबाग-पेण-रोह्याची पोरं चालायला लागली की रेषा आखायला शिकतात. ही पोरं सामन्यासाठी मुंबईला येतात तेव्हा पहाटेची गाडी पकडतात. आमची मुलं मानसरोवरला हार्बर लोकल धरतात, खांद्याला बॅग, आत पोळी-भाजीचा डबा आणि जुने मोजे कापून शिवलेले गुडघ्याचे पॅड. असे पॅड आमच्या एका मुलीने स्वतः शिवलेत, आत आईच्या जुन्या गोधडीचा कापूस भरून. या वर्षी ती बारावीला आहे.

जूनमध्ये ती आणि तिच्याबरोबरची आणखी दोघं कॉलेजला प्रवेश घेतील. तिचे वडील बाजारात माथाडी आहेत. परवा ते मैदानाच्या कडेला उभे राहून सराव संपेपर्यंत थांबले आणि मग म्हणाले, ‘सर, पोरगी खेळते चांगली, ते मला दिसतंय. पण कॉलेजात खेळली तर निदान तिचा जाण्या-येण्याचा खर्च तरी सुटेल का? नाहीतर मी तिला घराजवळच टाकतो.’ मी त्यांना जूनपर्यंत थांबायला सांगितलंय. आपल्या व्यवस्थापन परिषदेच्या पुढच्या बैठकीत हा विषय घ्यावा, अशी विनंती आहे. कागद कुठे सादर करायचे ते कळवलंत तर सरावाच्या हजेरीच्या माझ्या सगळ्या वह्या घेऊन मी फोर्टला येईन. सुट्टी टाकून येईन.

आपला नम्र,
कबड्डीचा एक प्रशिक्षक
कळंबोली, नवी मुंबई