संक्रांतीला अहमदाबाद

हिवाळ्यात दोन दिवसांची सवड मिळाली, तर ती १४ जानेवारीला जोडून घ्यावी आणि सहकुटुंब अहमदाबाद गाठावे. १४११ साली वसलेल्या या शहराला २०१७ साली जागतिक वारसा नगरीचा मान लाभला. आदल्या दिवशी जुन्या पोळांतून पायी हिंडावे. सिदी सय्यद मशिदीची नाजूक दगडी जाळी पाहावी. उत्तरायणाच्या दिवशी मात्र गच्ची सोडू नये. उंधियू-जिलबीचा आस्वाद घेत पतंग उडवावेत. पण दोरा साधा, काचेची पूड न लावलेला सुती असावा. सकाळ-संध्याकाळ पाखरांची घरट्यांकडे ये-जा असते. त्या वेळी पतंग उतरवून घ्यावेत. आपल्या आनंदापायी कुणाचे पंख कापले जाऊ नयेत, एवढे मुलांना उमगले, तरी सहल सार्थकी लागली म्हणावयाची.