लेकीच्या ताटापासून सुरुवात

पहिलीच्या वर्गात एखादे मूल लवकर थकते. चार अक्षरे लक्षात ठेवायला त्याला इतरांपेक्षा दुप्पट वेळ लागतो. ‘घरी अभ्यास घेत नाहीत’ असा शेरा मिळतो आणि विषय संपतो. पण आम्ही शिक्षकांनी आणि तुम्ही पालकांनी ध्यानात घ्यावे, की काही मुलांच्या अडचणीचे मूळ शाळेत नाव घालण्याच्या पाच-सहा वर्षे आधीचे असते. ते आईच्या ताटात असते.

मध्य अमेरिकेतील ग्वाटेमाला या गरीब देशात यावर मोठा अभ्यास झाला. १९६९ ते १९७७ या काळात संशोधकांनी तिथली चार खेडी निवडली. दोन खेड्यांत गरोदर स्त्रिया, अंगावर पाजणाऱ्या माता आणि सात वर्षांपर्यंतची मुले यांच्यासाठी रोज ‘अतोले’ ठेवले जाई. अतोले म्हणजे पातळ खिरीसारखी गरम पेज. तिच्यात दुधाची भुकटी, साखर आणि प्रथिनयुक्त पीठ असे. उरलेल्या दोन खेड्यांत ‘फ्रेस्को’ नावाचे गोड सरबत मिळे. त्यात प्रथिने नव्हती आणि उष्मांक अतोलेच्या साधारण तिसरा हिस्सा. औषधपाण्याची सोय चारही गावांत होती.

ती मुले मोठी होऊन संसाराला लागली, तेव्हा संशोधक पुन्हा त्यांना भेटले. आयुष्याच्या पहिल्या दोन वर्षांत अतोले मिळालेल्या पुरुषांची ताशी कमाई सुमारे ४६ टक्क्यांनी जास्त निघाली. मुली सरासरी एक इयत्ता जास्त शिकल्या होत्या. वाचून समजण्याची क्षमताही सरस होती. मात्र तीन वर्षांचे झाल्यावर ज्यांना अतोले मिळू लागले, त्यांच्या कमाईत असा फरक दिसला नाही. आणखी एक गोष्ट म्हणजे, लहानपणी अतोले प्यायलेल्या मुली आई झाल्या तेव्हा त्यांची बाळे सुमारे ११६ ग्रॅमने जास्त वजनाची जन्मली. एका लेकीला दिलेला घास नातवंडांपर्यंत पोहोचला.

गरोदरपणाचे २७० दिवस आणि बाळाच्या पहिल्या दोन वर्षांचे ७३० मिळून हजार दिवस होतात. जगभरचे तज्ज्ञ याच काळावर भर देतात. पण सुरुवात त्याहूनही आधी हवी, असे मुंबईच्या झोपडपट्ट्यांत झालेला अभ्यास सुचवतो. तिथे स्त्रियांना पालेभाजी, फळे आणि दूध घालून केलेला खाऊ रोज दिला गेला. सरसकट पाहता बाळांच्या वजनात ठोस फरक पडला नाही. पण गर्भ राहण्याआधी किमान तीन महिने ज्यांनी तो खाल्ला, त्यांची बाळे सरासरी ४८ ग्रॅमने वजनदार होती. गरोदरपणातील मधुमेहही या खाऊने कमी झाला.

आता आपल्या घराकडे पाहू. दस्तरखानावर आधी पुरुष, मग मुले, आणि भांड्यात उरेल ते सालन सुनेला. बोटी मुलाला, रस्सा मुलीला. महागाईत सगळ्यांना सगळे कुठून आणायचे, हा प्रश्न खरा आहे. पण जे आहे ते कोणाला आधी वाढायचे, हे तर आपल्याच हातात आहे.

म्हणून भगिनींनो, घरात कोणी गरोदर असेल तर तिचे ताट सर्वांबरोबर वाढा. मेथी, शेवग्याचा पाला, मसूर, अंडे यांतले काहीतरी रोज तिच्या पोटात जाऊ द्या. आरोग्य केंद्रातून मिळालेल्या लोहाच्या गोळ्या डब्यात पडून राहू देऊ नका. सहा महिने बाळाला फक्त अंगावर पाजा, नंतर दुधाबरोबर मऊ खिचडी, डाळ, अंडे सुरू करा. अंगणवाडीतला आहार आईसाठी आला असेल, तर तो आईनेच खावा.

आणि पंधरा वर्षांची लेक शाळेतून येईल, तेव्हा तिच्याही ताटात बोटी पडू द्या. तिच्या लग्नाचा विचार करायला अजून पुष्कळ वेळ आहे, पण तिच्या हाडामांसाचा विचार आजच करायला हवा.