लस मिळाली, हवेचे काय?

२८ मार्च २०२० रोजी, भारतात टाळेबंदीचा चौथा दिवस असताना, जागतिक आरोग्य संघटनेने समाजमाध्यमांवरून जगाला ठासून सांगितले की, कोविड-१९ हवेतून पसरत नाही. पुढचे कित्येक महिने घरोघरी भाज्या धुऊन वाळवल्या गेल्या, वर्तमानपत्रे दाराबाहेर पडून राहिली, कड्याकुलपांना सॅनिटायझर चोपडले गेले. उत्तर प्रदेशात बरेलीला तर गावी परतणाऱ्या मजुरांना रस्त्यावर बसवून त्यांच्या अंगावर जंतुनाशक फवारण्यात आले. विषाणू मात्र मुख्यतः बंद खोल्यांतल्या, अनेकांनी श्वास घेऊन सोडलेल्या हवेतून फिरत होता.

हे तेव्हा कळण्याजोगे नव्हते, असे म्हणता येत नाही. त्या संदेशाच्या अठराच दिवस आधी अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात, स्कॅजिट खोऱ्यातल्या एका गायनवृंदाची तालीम झाली. ६१ जण सुमारे अडीच तास एकत्र होते. साथीची बातमी सगळ्यांच्या कानावर होती, म्हणून हस्तांदोलन आणि गळाभेटी टाळल्या गेल्या. तरीही ५३ जण आजारी पडले आणि त्यांतले दोघे दगावले. त्याच्याही आधीचे उदाहरण १९७७ मधले, अलास्कातले. इंजिन बिघडल्यामुळे ५४ जणांचे एक विमान तीन तास जमिनीवर अडकले. आतले वायुवीजन बंद होते आणि प्रवाशांत फ्लू झालेला एक जण होता. पुढच्या तीन दिवसांत ७२ टक्के प्रवासी तापाने, खोकल्याने अंथरुणाला खिळले.

खरे तर हे शास्त्र नव्वद वर्षांचे आहे. हार्वर्ड विद्यापीठातले अभियंता विल्यम वेल्स यांनी १९३४ मध्ये दाखवून दिले होते की, खोकताना, बोलताना तोंडातून उडणाऱ्या थेंबांचे दोन प्रकार होतात. मोठे थेंब जमिनीवर पडतात. लहान थेंब पडण्याआधीच सुकतात आणि त्यांतले सूक्ष्म कण उदबत्तीच्या धुरासारखे खोलीभर पसरून तरंगत राहतात. वेल्स आणि त्यांच्या पत्नी डॉ. मिल्ड्रेड वेल्स यांनी फिलाडेल्फिया परिसरातल्या शाळांच्या वर्गांत छताजवळ अतिनील किरणांचे दिवे लावले. १९४१ च्या गोवराच्या साथीत त्या वर्गांतली मुले दिवे नसलेल्या वर्गांतल्या मुलांपेक्षा खूप कमी आजारी पडली. पुढे बाल्टिमोरच्या रुग्णालयात रिचर्ड रायली यांनी वेल्स यांच्याबरोबर क्षयरुग्णांच्या कक्षातली हवा नळीवाटे वरच्या खोलीतल्या गिनीपिगांपर्यंत नेली. त्या प्राण्यांना क्षय झाला. हवेवर आधी अतिनील किरण टाकल्यावर झाला नाही.

मग हे सगळे विसरले कसे गेले? विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच अमेरिकी आरोग्याधिकारी चार्ल्स चॅपिन यांनी रोगप्रसाराचा सगळा भर स्पर्शावर आणि जवळच्या थेंबांवर दिला होता. दूषित हवेच्या जुन्या कल्पना पुन्हा डोके वर काढतील, ही भीती त्यामागे होती. त्यात एक आकड्याची चूक मिसळली. वेल्स यांच्या मोजणीनुसार तरंगणारे आणि पडणारे थेंब यांची सीमारेषा १०० मायक्रॉनच्या आसपास होती. क्षयाचे जंतू फुप्फुसाच्या तळाशी पोहोचायचे तर कण ५ मायक्रॉनपेक्षा लहान हवेत, ही वेगळीच बाब होती. हा ५ चा आकडा पाठ्यपुस्तकांत सीमारेषा म्हणून जाऊन बसला. लिन्झी मार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुने कागद चाळून ही चूक महासाथीच्या काळात उघड केली. जुलै २०२० मध्ये लिडिया मोरॉव्स्का आणि डोनाल्ड मिल्टन यांच्या पत्राला २३९ शास्त्रज्ञांनी पाठिंबा दिला आणि हवेतून होणाऱ्या प्रसाराकडे लक्ष द्या, अशी मागणी केली. जागतिक आरोग्य संघटनेने आकाराची ती सीमारेषा सोडून देणारी नवी परिभाषा जाहीर केली ती २०२४ मध्ये.

चूक शास्त्रीय होती. पण ती इतकी वर्षे टिकली याचे एक कारण सोयीचेही आहे. हात धुणे हे ज्याचे त्याचे काम. हवा खेळती ठेवणे हे मात्र शाळेचे, रुग्णालयाचे, इमारतीच्या मालकाचे, महापालिकेचे काम. पहिल्या कामात दोष नागरिकाच्या माथी मारता येतो. दुसऱ्यात खर्च आणि उत्तरदायित्व दोन्ही संस्थांकडे जातात. भारत सरकारच्या प्रमुख वैज्ञानिक सल्लागारांच्या कार्यालयाने मे २०२१ मध्ये स्पष्ट सांगितले की, सूक्ष्म तुषार १० मीटरपर्यंत जाऊ शकतात, खिडक्या उघडा, हवा बाहेर खेचणारे पंखे लावा. दुसऱ्या लाटेच्या धामधुमीत निघालेला तो सल्ला लाट ओसरताच फाइलबंद झाला.

लसीचे मात्र तसे झाले नाही, आणि त्याचा सार्थ अभिमान वाटला पाहिजे. १६ जानेवारी २०२१ ला सुरू झालेल्या मोहिमेत भारताने १८ महिन्यांत २०० कोटी मात्रा दिल्या. त्यांतला मोठा वाटा पुण्यात तयार झाला. कोव्हॅक्सिनसाठी लागणारा विषाणूही पुण्याच्याच राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेने वेगळा करून दिला होता. लंडनच्या इंपीरियल कॉलेजच्या गणितानुसार पहिल्या वर्षभरात लसींनी जगभर कोविडचे किमान १ कोटी ४४ लाख मृत्यू टाळले.

तरी 'लस घेतली, मग पुन्हा कोरोना का झाला?' हा प्रश्न आजही चहाच्या टपरीपासून कौटुंबिक व्हॉट्सॲप गटांपर्यंत विचारला जातो. प्रश्न प्रामाणिक आहे आणि त्याचे उत्तर विषाणूच्या वेगात आहे. गोवराचा विषाणू शरीरात शिरल्यापासून पुरळ उठेपर्यंत साधारण दोन आठवडे घेतो आणि तोवर शरीरभर पसरतो. लसीने तयार केलेल्या स्मृतिपेशींना जागे व्हायला तेवढी उसंत पुरते. म्हणूनच दोन मात्रा घेतलेल्यांपैकी सुमारे ९७ टक्के लोक गोवरापासून बचावतात. फ्लू आणि कोरोना दोन-चार दिवसांतच नाका-घशात वाढून दुसऱ्याकडे निघून जातात. दंडात घेतलेल्या लसीची प्रतिपिंडे रक्तात भरपूर असतात, नाकाच्या ओल्या अस्तरावर मात्र कमी. त्यामुळे नाकातला संसर्ग पुष्कळदा निसटतो, पण तो फुप्फुसांत उतरू लागला की रक्तातली प्रतिपिंडे आणि टी-पेशी त्याला गाठतात. सर्दी-ताप होतो, व्हेंटिलेटर टळतो. याला लसीचे अपयश म्हणणे चूक आहे. नाकातच विषाणूला अडवता यावे म्हणून नाकावाटे द्यायच्या लसीही बनल्या. पुण्यात २०१० मध्ये स्वाइन फ्लूसाठी तशी लस तयार झाली, तर हैदराबादची कोरोनावरची नाकातली लस २६ जानेवारी २०२३ ला बाजारात आली.

लसी घाईत बनल्या, हा आक्षेपही तपासून पाहावा. १९६० च्या दशकात लहान मुलांना गाठणाऱ्या आरएसव्ही या श्वसनविषाणूवर लस करण्याचा प्रयत्न अमेरिकेत भयंकर फसला. एका चाचणीत लस घेतलेल्या ज्या मुलांना नंतर संसर्ग झाला, त्यांतल्या ८० टक्क्यांना रुग्णालयात न्यावे लागले आणि दोन बाळे दगावली. पुढची कित्येक वर्षे शास्त्रज्ञ कारण शोधत राहिले. २०१३ मध्ये जेसन मॅकलेलन, बार्नी ग्रॅहम आणि पीटर क्वाँग यांनी दाखवले की, पेशीत शिरण्याआधी विषाणूचे प्रथिन ज्या आकारात असते, तोच आकार स्थिर करून शरीराला दाखवला पाहिजे. त्याच धड्यातून कोरोनाच्या काही प्रमुख लसींमधले काटेरी प्रथिन घडवले गेले. विषाणूची जनुकीय रचना जाहीर झाल्यावर ११ महिन्यांत लस आली, ती या पन्नास वर्षांच्या कष्टांमुळे. आरएसव्हीची लसही अखेर २०२३ मध्ये मंजूर झाली.

महाराष्ट्रापुढे आज लस आणि हवा हे दोन्ही प्रश्न एकत्र उभे आहेत. २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडी-मानखुर्द भागात गोवराची साथ उसळली आणि लहान मुले दगावली. गोवराचा विषाणू रुग्ण खोलीतून गेल्यावरही दोन तासांपर्यंत हवेत तग धरतो. संरक्षण नसलेल्या दहा जणांपैकी नऊ जणांना तो गाठतो. त्याला रोखायला ९५ टक्के मुलांच्या दोन्ही मात्रा पूर्ण व्हाव्या लागतात. महासाथीत नियमित लसीकरण रखडले होते आणि त्याची किंमत शहरातल्या सर्वांत गरीब घरांनी मोजली. अखेर केंद्राने साथीच्या भागात सहा महिन्यांच्या बाळांपासून जादा मात्रा देण्याची शिफारस केली.

ही घरे कशी आहेत? याच गोवंडी-मानखुर्द भागात विस्थापितांसाठी इमारती उभ्या केल्या, त्यांतल्या काही एकमेकींपासून जेमतेम ३ मीटर अंतरावर आहेत. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने लल्लूभाई कंपाउंड आणि नटवर पारेख कंपाउंड या वसाहतींतल्या क्षयाच्या प्रमाणाचा संबंध ऊन-वारा न पोहोचणाऱ्या रचनेशी जोडला. क्षय जिवाणूचा, गोवर विषाणूचा. पण दोघांची वाट हवेचीच. झोपडीतून पक्क्या घरात नेताना कुटुंबाला असे घर देणे हा सरळ अन्याय आहे. वाढीव चटईक्षेत्राच्या प्रत्येक मंजुरीत खिडकीसमोरच्या मोकळ्या जागेचा हिशेब आरोग्य खात्याने तपासलाच पाहिजे.

फ्लूबाबत प्रश्न लसीच्या वेळेचा आहे. राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी देशभरातले नमुने तपासून सांगितले की, श्रीनगरमध्ये फ्लू हिवाळ्यात वाढतो, पण देशाच्या बऱ्याच भागांत तो पावसाळ्यात. म्हणजे आपल्याकडे लस एप्रिल-मेमध्ये घ्यायला हवी. ज्येष्ठ नागरिक, गर्भवती, मधुमेह आणि दम्याचे रुग्ण यांना ती पावसाआधी प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळावी. पुण्याने २००९ मध्ये देशातला स्वाइन फ्लूचा पहिला मृत्यू पाहिला आहे, त्या अनुभवानंतर तरी एवढी तयारी अपेक्षित आहे.

हवा मोजणे अवघड नाही. मोकळ्यावर कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण दहा लाख भागांत सुमारे ४२० असते. गच्च भरलेल्या, खिडक्या लावलेल्या वर्गात ते १,५०० वर गेले, तर दर ३५ श्वासांमागे साधारण एका श्वासाइतकी हवा कुणी तरी आधीच सोडलेली असते. हे मोजणारे यंत्र काही हजार रुपयांत मिळते. ब्रिटनने २०२१ मध्ये शाळांसाठी अशी तीन लाख यंत्रे देण्याचे जाहीर केले. महाराष्ट्राने सुरुवात सरकारी रुग्णालयांच्या बाह्यरुग्ण विभागांपासून करावी, कारण तिथे खोकणारे आणि तान्ह्या बाळांना घेऊन आलेल्या आया एकाच बाकावर तासन् तास बसतात. त्यानंतर शाळा, मग वातानुकूलित शिकवणीवर्ग आणि कार्यालये. जिथे आकडा सतत जास्त येईल तिथे हवा बाहेर फेकणारे पंखे, गाळणयंत्रे किंवा वेल्स यांनी वापरले तसे छताजवळचे दिवे बसवण्याची सक्ती असावी.

पालकांनीही वाट पाहत बसू नये. मुलाच्या लसीकरण कार्डावर गोवर-रुबेलाच्या दोन्ही मात्रांची नोंद आहे का, हे आजच पाहावे. आणि पुढच्या पालक-शिक्षक सभेत मुख्याध्यापकांना विचारावे: वर्गातली हवा कधी मोजली, आकडा किती आला, आणि तो कमी करायला शाळा काय करणार आहे?