थकव्याची कैफियत

शिरूर वा दौंड येथील कोणत्याही दवाखान्याच्या बाकावर सकाळी घटकाभर बसणाऱ्यास 'अंगात त्राण नाही', 'झोप लागत नाही', 'उगाच जीव घाबरतो' अशा तक्रारी एकामागून एक ऐकू येतात, आणि त्या सांगणाऱ्यांपैकी कित्येकांची अखेरची विनवणी एकच असते: 'डॉक्टर, एक सलाईन लावा.' सलाईनने काही काळ तरतरी वाटते, हे खरे. परंतु ज्या ग्लानीचे मूळ निद्रानाशात, विषादात आणि चिंतेत आहे, ती त्या बाटलीने हटत नाही, उलट योग्य तपासणी मात्र महिनोन्महिने लांबणीवर पडते.

ते मूळ शोधू गेल्यास या मुलखात ते पुष्कळदा रात्रीच्या जागरणात सापडते. रांजणगाव व कुरकुंभ येथील कारखान्यांत पाळ्या फिरतात. दौंड जंक्शनवर गाडी चालविणाऱ्यास बोलावणे कोणत्याही प्रहरी येते. आणि पंपाची वीज पाळीपाळीने रात्री येत असल्याने ऊस उत्पादक बॅटरी हाती घेऊन, ज्या शिरूरच्या बेट भागात पिंपरखेड व जांबूत येथे २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात बिबट्याने माणसे मारली, त्याच भागात अंधारात दारे धरावयास उतरतो. अशा मनुष्याच्या छातीतील धडधडीस केवळ भित्रेपणा म्हणणे हा मला अन्याय वाटतो. शरीराचे अंतर्गत घड्याळ सूर्यप्रकाशाच्या हुकमाने चालते, म्हणून दिवसाची झोप उथळ व तोकडी होते. अपुऱ्या झोपेने विषाद वाढतो आणि विषादाने झोप आणखी उडते. घरातील स्त्रीची कैफियत तर कोणत्याच दफ्तरी नोंदली जात नाही: पहिल्या पाळीच्या डब्यासाठी ती पहाटे उठते, रात्रपाळीहून परतणाऱ्यासाठी पुन्हा उठते, आणि तिच्या थकव्यास सासरी आळस हेच नाव मिळते.

तेव्हा प्रथम रक्तातील हिमोग्लोबिन, साखर व थायरॉईड यांची तपासणी करून घ्यावी, आणि झोपेत मोठ्याने घोरण्याची व श्वास अडकण्याची खूण असल्यास तीही डॉक्टरांस सांगावी. विषादावरील औषधांचा गुण दिसण्यास दोन ते सहा आठवडे लागतात, म्हणून ती आठवड्याभरात आपल्या मताने सोडू नयेत. ज्यास तालुक्याच्या गावी जाणे जमत नाही, त्याने १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेल्या 'टेली-मानस' सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतून, विनामूल्य, कोणत्याही वेळी बोलावे. जगणे नकोसे वाटू लागले असेल, तर तात्काळ बोलावे, आणि घरच्यांनी त्यास एकटे सोडू नये.

परंतु सारा भार रुग्णावर टाकून कारखानदारांस व सरकारास मोकळे होता येणार नाही. पाळी बदलावयाचीच असेल तर ती सकाळ, दुपार, रात्र या क्रमाने पुढे सरकवावी, कारण शरीरास उलट क्रम अधिक जड जातो; आणि मानसिक आजाराची रजा ही इतर आजाराच्या रजेइतकीच सरळपणे मंजूर व्हावी. सौर कृषी वाहिनीच्या योजनेतून दिवसा वीज देण्याची जी हमी सरकारने दिली आहे, तिची अंमलबजावणी बेट भागातील शिवारांपासून प्रथम व्हावी, अशी माझी आग्रहाची मागणी आहे.